सोलापूरचे पाच दिवस आणि आमचा वेटिंग नंबर

दिवस पहिला, गुरुवार

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा पकडली. नवरा स्टेशनवर सोडायला आला होता, खिडकीपाशी उभा राहून पाण्याची बाटली घेतली का, चार्जर घेतला का, आत्याची औषधं घेतली का, सगळं दोनदोनदा विचारून झालं पण जे खरं विचारायचं होतं ते त्याने काढलं नाही आणि मीही काढलं नाही. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाला, सोमवारपर्यंत सांगायचंय त्यांना.

हे 'त्यांना' म्हणजे कुणाला ते आधीच सांगते, नाहीतर ह्या प्रवासातलं काहीच कळणार नाही. आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवून नाव नोंदवलं त्याला आता तीन वर्षं दोन महिने झाले. हल्ली हे सगळं काराच्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवरून होतं, रजिस्ट्रेशन करायचं, कागदपत्रं चढवायची, मग सोशल वर्कर घरी येऊन होम स्टडी रिपोर्ट करते, यादीत नंबर लागतो आणि मग वाट बघायची. आपला नंबर आला की बाळाचा फोटो आणि माहिती येते आणि ४८ तासांत हो म्हणायचं असतं. होम स्टडीची मुदत तीन वर्षांची, आमची ती डिसेंबरात संपायला आली म्हणून ताई परत आल्या, परत तेच प्रश्न, परत पगाराच्या स्लिपा, परत तीच रिकामी खोली बघून गेल्या. त्या गेल्यावर मी त्या खोलीचं दार लावून घेतलं ते नाताळातसुद्धा उघडलं नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात एका ओळखीच्यांकडून निरोप आला. एक मुलगी आहे, लग्न झालेलं नाही, मार्चमध्ये बाळंत होईल, घरच्यांना बोभाटा नकोय, सगळं डायरेक्ट होऊन जाईल, जन्माच्या दाखल्यावर तुमचंच नाव लागेल. पैसे किती तेही सांगितलं. हा गुन्हा आहे हे आम्हाला माहीत होतं, आम्ही दोघंही शिकलेले आहोत, रविवार न चुकवता उपासनेला जाणारे आहोत. तरीपण आम्ही लगेच नाही म्हणालो नाही. नवऱ्याने नंबर कागदावर लिहून घेतला आणि तो कागद आता माझ्या पर्समध्ये होता.

दौंड सुटलं आणि बाहेर काळोख झाला. पप्पा मूळचे सोलापूरचे, लहानपणी प्रत्येक मे महिन्यात ह्याच रस्त्याने जायचो. तेव्हा ह्या बाजूला सिंगल लाइन होती, कुठल्यातरी आडगावच्या स्टेशनात गाडी उभी राहायची ती राहायचीच, आणि मी पप्पांना भंडावून सोडायचे, का थांबलो, का थांबलो. पप्पा म्हणायचे समोरून कुणीतरी येतंय. मी खिडकीला नाक लावून बघायचे, काही दिसायचं नाही. मग बऱ्याच वेळाने दुसरी गाडी धडधडत शेजारून जायची आणि मग आपली हलायची. आता डबल लाइन झालीये, गाडी कुठे क्रॉसिंगला थांबत नाही, पण ते 'समोरून कुणीतरी येतंय' का कोण जाणे रात्रभर डोक्यात राहिलं.

दहाच्या पुढे सोलापूर आलं. रिक्षा चार पुतळ्यांवरून गेली, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले ते चौघं, ज्यांच्यामुळे आमच्या गाडीलापण हुतात्मा म्हणतात. पप्पा इथून जाताना दर वेळी चौघांची नावं म्हणून घ्यायचे आमच्याकडून. आत्या दार उघडं टाकूनच बसली होती. सलाम आत्या म्हणलं तर म्हणाली, सलाम बाळा, आधी जेव, मग बोल.

दिवस दुसरा, शुक्रवार

सकाळी पहिली चूक मी केली. केस धुतले. पुण्याच्या सवयीने अडीच बादल्या पाणी संपवून बाहेर आले आणि आत्याच्या मोरीतल्या पिंपाकडे बघितलं तेव्हा लक्षात आलं. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येतं, उजनीवरून शंभराच्या वर किलोमीटर पाइपातून येतं ते, आणि आत्याकडे आता येणार होतं थेट सोमवारी पहाटे. मी ओशाळून उभी. आत्या काही बोलली नाही, फक्त एक हंडा उचलून आत नेला आणि म्हणाली हा प्यायचा, ह्याला हात लावू नको, बाकी होतंय.

मग दिवसभर तिचं पाणी वापरणं मी बघत होते. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला. भाजी धुतलेलं पाणी फरशी पुसायला. तांब्या भरताना ती वाकून धार बघते आणि काठाच्या दोन बोटं खाली थांबते, दर वेळी. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, हात थरथरतो, पण तिथेच थांबतो. बायबलमध्ये रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा तो एका दिवसापुरता, जास्त ठेवला तर सकाळी किडे पडायचे, आणि शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दोन दिवसांचा गोळा करायचा. संडेस्कूलमध्ये हे शंभरदा ऐकलंय पण किती ठेवायचं आणि किती नाही हे हाताला कळायला किती वर्षं लागत असतील हा विचार आत्याचा तांब्या बघून पहिल्यांदा आला.

दुपारी तिने दुधाच्या हिशोबाची वही काढली. साधी शंभर पानी वही, महिन्याला एक पान, तारखांपुढे अर्धा लिटर, अर्धा लिटर, खाडा, अर्धा लिटर. आणि प्रत्येक पानाच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात नावं. ही तिची प्रार्थनेची यादी. दूध घेतलं की खूण, प्रार्थना केली की नावापुढे एक टिंब, दोन्ही एकाच पेनाने. मागची पानं चाळता चाळता आमचं नाव सापडलं, 'पुण्याची दोघं, बाळासाठी', आणि त्यापुढे टिंबांची रांग. पुढच्या महिन्यात परत नाव, परत रांग. तिच्या जुन्या वह्या फळीवर होत्या त्या काढल्या, त्यातही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या महिन्यातली टिंबं ओळ सोडून खाली घसरलेली होती. मी एका महिन्यापुरती मोजली आणि मग पुढे मोजवेना.

आत्या, तुला कधी राग येत नाही का गं देवाचा, असं मी विचारलं. ती शेंगा सोलत होती, चटणीसाठी. म्हणाली येतो की. मग मामांचं सांगायला लागली. आत्याचे मिस्टर, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचं वय एक्केचाळीस. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी सगळं अडकलं. दर महिन्याला मीटिंगला जायचे, धुतलेला शर्ट घालून, आणि येताना नवी पेठेतून आत्यासाठी काहीतरी छोटंसं आणायचे म्हणजे रिकाम्या हाताने आलो असं वाटू नये. मामा वारले आणि पैसे त्यानंतर सात वर्षांनी आले. आत्या म्हणाली, चेक हातात आला त्या दिवशी मी देवाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीपण नाही. तिसऱ्या दिवशी दूधवाला आला, वही काढली, तर खाली नावं दिसली, ती बिचारी माझ्यामुळे का थांबतील, म्हणून परत बसले.

एवढंच सांगितलं तिने. मी म्हणलं मग देवाने उत्तर दिलं का, तर म्हणाली अजून विचारते त्याला, तूही विचार, तो काय पळून चाललाय का, आणि मिरची आण म्हणाली. आपल्याकडे चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहिलं की शेवटी सगळं मिळालेलंच असतं, नोकरी लागली, आजार गेला, व्हिसा आला. मला हे खटकतं. ज्यांना मिळालं नाही आणि तरी रोज सकाळी उठून बसतात त्यांना कुणी माइक देत नाही.

संध्याकाळी आत्याच्या घरात घरगुती प्रार्थना होती, सात-आठ बायका. त्यात एक तेलुगू बाई, सगळ्या त्यांना अक्का म्हणतात, विड्या वळतात. सोलापुरात हजारो बायका हेच करतात, पान भिजवायचं, कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळून दोऱ्याने बांधायचं. अक्कांच्या उजव्या अंगठ्याचं नख कडेने झिजून सपाट झालंय, गायनाच्या वेळी टाळ्या वाजवताना माझं लक्ष तिथेच जात होतं. त्या कुंभारीच्या रे नगरमध्ये राहतात, ती कामगारांची तीस हजार घरांची मोठी वसाहत, २०१९ च्या जानेवारीत भूमिपूजन आणि २०२४ च्या जानेवारीत पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या. पाच वर्षं. मधे कोरोना, मधे भाडं, मधे नवऱ्याचं आजारपण. मी विचारलं अक्का एवढी वर्षं काय प्रार्थना करायचात, घर लवकर दे अशी? त्यांचं मराठी तुटक आहे, म्हणाल्या, घर मागायची रविवारी. रोज मागायची आजची हजार विडी पुरी होऊ दे.

रात्री हे वाक्य मी फोनमध्ये टाइप करून नवऱ्याला पाठवलं. त्याने फक्त बघितलं, उत्तर नाही.

दिवस तिसरा, शनिवार

आज मोहोळच्या पुढे एका वस्तीवर हुरड्याला गेलो. आत्या बालवाडीत शिकवायची तेव्हाचा तिचा विद्यार्थी, आता स्वतः पन्नाशीचा, शेती करतो, मंडळीतला, म्हणजे चर्चमधला आहे. आम्हाला न्यायला स्वतः जीप घेऊन आला आणि आत्याला बाई बाई म्हणत हात धरून बसवलं.

हुरड्याचं वर्णन काय करायचं, ज्यांनी खाल्लाय त्यांना माहितीये. आगटीत गोवऱ्यांचा आर, त्यात कणसं खुपसायची, भाजली की चटका बसत असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा, हिरवेगार दाणे. वर शेंगाचटणी, गूळ, दही. आत्याला दातांमुळे चावत नाही तरी मूठभर खाल्लाच. मी तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

पण मला सांगायचंय ते नंतरचं. जेवण झाल्यावर त्या भाऊंनी रान दाखवायला नेलं. खाण्याच्या हुरड्याचा पट्टा वेगळा, बाकी सगळी मालदांडी ज्वारी, माझ्या डोक्याच्यावर गेलेली, कणसं भरत आलेली. मालदांडी ३५-१ हे वाण ह्याच मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेलं, त्यांच्या आजोबांच्या काळापासून तेच पेरतात. खाली बघितलं तर काळी जमीन वाळून कडक, काही ठिकाणी बोट जाईल एवढ्या भेगा. मी विचारलं पाणी कधी देता. म्हणाले पाणी नाही द्यायचं ताई, कोरडवाहू आहे. शेवटचा पाऊस कधी झाला? ऑक्टोबरात. मी मोजलं, साडेतीन महिने. साडेतीन महिने वरून एक थेंब नाही आणि हे पीक उभं, आणि हिरवं.

मग त्यांनी खुरप्याने दोन ताटांच्या मधे उकरलं. वरची ढेकळं वाळलेली, मग भुरभुरीत माती, मग वीतभर खाली गेल्यावर मातीचा रंग बदलला, काळीभोर झाली. एक मूठ माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले दाबा. दाबली तर लाडूसारखी वळली. गार होती. जानेवारीच्या दुपारी दोन वाजता, उन्हात, ती माती गार होती. म्हणाले, हा सप्टेंबरचा पाऊस आहे ताई तुमच्या हातात.

मला खरंच बोलता येईना.

मग मी म्हणलं म्हणजे पेरलं की नुसती वाट बघायची, तर ते एकदम गंभीर झाले. म्हणाले नुसतं बसलं तर रान फाटतं. ओल भेगांवाटे वर निघून जाते. म्हणून कोळपणी करायची, तीन आठवड्यांनी एक, पाचला दुसरी, आठव्या आठवड्याला तिसरी दातेरी कोळप्याने, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल खाली धरून राहते. एक कोळपणी चुकली की कणीस हलकं भरतंय. आम्ही पाऊस नाही आणू शकत, आलेला जाऊ द्यायचा नाही एवढं आमच्याकडे असतंय. हे बोलत असताना पायाने ते एक भेग बुजवत होते, त्यांच्या लक्षातही नसेल.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात धीराविषयी लिहिताना शेतकऱ्याचंच उदाहरण दिलंय, पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघत धीर धरणारा शेतकरी. मी ते वाचताना नेहमी बांधावर बसून आभाळाकडे बघणारा एक म्हातारा डोळ्यांसमोर आणायचे. आणि गेली तीन वर्षं मी तेच करत होते, पोर्टल उघडायचं, नंबर बघायचा, बंद करायचं, दिवसातून चार वेळा, आणि ह्यालाच देवावर सोपवणं म्हणायचे. ह्या तीन वर्षांत मी संडेस्कूल शिकवायचं सोडलं कारण लहान मुलं बघवेनात. बहिणीच्या मुलाच्या वाढदिवसाला गेले नाही. नवऱ्याबरोबर रात्रीची प्रार्थना कधी बंद झाली ते आठवतही नाही, भांडण होऊन नाही, नुसतीच राहून गेली. ती माती हातात धरून उभी असताना हे एकेक दिसायला लागलं, ह्या सगळ्या भेगा, आणि त्यातून काय काय उडून गेलं असेल.

येताना जीपमध्ये आत्या झोपली, माझ्या खांद्यावर डोकं टाकून. मी ती मूठ मूर्खासारखी रुमालात बांधून आणली होती. घरी येईपर्यंत ती वाळून भुगा झाली.

दिवस चौथा, रविवार

सकाळी आत्याच्या मंडळीत उपासनेला गेलो. अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनची माणसं आहेत सोलापुरात, बाकांवर आज त्यांची नातवंडं-पतवंडं बसतात, उपासना मराठीत पण बाहेर चहाला आलं की कन्नड, तेलुगू सगळं ऐकू येतं. पाळकसाहेबांनी लाजाराचा उतारा घेतला होता. लाजार आजारी आहे असा निरोप येऊनही येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला, आणि पोचला तेव्हा लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. त्यांनी लांबण लावली नाही, एकाच गोष्टीवर बोलले, की मार्था त्याला तोंडावर म्हणते, प्रभू तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, आणि ह्यासाठी येशू तिला रागावत नाही. धीर धरणाऱ्याने गप्पच बसायला पाहिजे असं शास्त्रात कुठे नाही, असं म्हणाले. माझ्या शेजारी आत्याने मान हलवली, तिला हे माहीतच होतं.

चहाच्या वेळी एक निवृत्त शिक्षक भेटले, पंचाऐंशीच्या पुढचे. आत्याने त्यांना आमचं सांगितलं होतं बहुतेक, मला बाजूला घेऊन म्हणाले, आमच्या वेळी तर आपल्याला दत्तक घ्यायचा कायदाच नव्हता मुली. खरंय ते. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदूंसाठी, ख्रिस्ती जोडप्यांना १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली नुसतं पालक होता यायचं, आईबाप नाही. पुढे बाल न्याय कायद्याने सगळ्यांना वाट झाली. त्यांचा मुलगा आता चाळिशीत आहे, त्याच्या जुन्या कागदांवर ह्यांच्या नावापुढे पालक एवढंच लिहिलेलं. म्हणाले, कागदावर नव्हतो, तरी रोज डबा मीच भरायचो त्याचा.

दुपारी झोप येईना म्हणून उत्पत्तीचं पुस्तक काढलं. अब्राहाम आणि सारा, वचन मिळालेलं, दहा वर्षं कनान देशात राहून झाली आणि मूल नाही, तेव्हा सारा आपली दासी हागार नवऱ्याला देते. आतापर्यंत मी ही गोष्ट साराच्या बाजूने वाचायचे, बिचारी किती थांबणार. आज हागारवर नजर अडली. तिला कुणी विचारलंच नाही. घाई साराला होती आणि पोट हागारचं वाढलं, छळ हागारचा झाला, शेवटी पोराला घेऊन रानात तीच फिरली, पखालीतलं पाणी संपलं तेव्हा पोराला झुडपाखाली ठेवून लांब जाऊन तीच बसली, त्याचं मरण बघवणार नाही म्हणून.

आणि मला होम स्टडीच्या ताईंचं एक बोलणं आठवलं. पहिल्या वेळी त्यांनी समजावून सांगितलं होतं की ज्या आईला मूल सोडायचं असतं ती बालकल्याण समितीपुढे तसं लिहून देते, पण तरी कायद्याने तिला साठ दिवस असतात. त्या साठ दिवसांत तिचं मन बदललं तर मूल तिचं. तेव्हा मी मनात म्हणाले होते, अजून साठ दिवस कशाला. आज ते साठ दिवस मला त्या मार्चमध्ये बाळंत होणाऱ्या मुलीचे दिसले. डायरेक्टमध्ये ते नसतात. तिला एकदाच विचारणार, कदाचित तेही नाही, तिचे घरचेच विचारून मोकळे झाले असतील, आणि दाखल्यावर तिचं नावच नसेल म्हणजे उद्या रडत परत आली तरी कुठे जाणार. पप्पांचं ते समोरून कुणीतरी येतंय, ते कोण ते आता कळलं. मी अंधारात खिडकीला नाक लावून बसले होते आणि समोर ती होती.

नवऱ्याला फोन लावला. हे सगळं सांगितलं, नीट सांगता आलं नाही, मातीचं आधी सांगितलं, हागारचं मग, मधेच अक्का. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मला पटतंय गं, पण अजून किती. आणि रडायला लागला. तीन वर्षांत मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं, तो नेहमी मलाच समजवायचा. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणलं, प्रार्थना करूया का, फोनवरच. करूया म्हणाला. दोघांनाही शब्द सुचेनात, शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणलो, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे इथपर्यंत आलो आणि तिथे दोघंही थांबलो, मग पुढचं सावकाश पुरं केलं.

सोमवारपर्यंत कशाला थांबायचं म्हणून लगेच त्या नंबरवर फोन केला. आम्हाला नकोय म्हणलं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, तुमची मर्जी, मागणारे खूप आहेत. मी म्हणलं त्या मुलीला निदान सांगा, बालकल्याण समिती आहे, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिला कायद्याने, एवढं बोलेपर्यंत फोन कट झाला. परत लावला तर उचलला नाही.

मला वाटलं होतं बरोबर केलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. संध्याकाळी आत्याबरोबर सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला चालायला गेले, लहान मुलं आईबापांबरोबर फिरत होती, मक्याची कणसं, फुगे, आणि पोटात तसाच खड्डा पडला जसा नेहमी पडतो. आत्या काही समजवायला गेली नाही. बाकावर बसली आणि माझा हात तिच्या मांडीवर घेऊन बसली, अंधार पडेपर्यंत.

दिवस पाचवा, सोमवार

पहाटे चारला नळाने आवाज केला, आधी नुसती हवा, मग लाल पाणी, मग धार. आत्या उठलेलीच होती. मी पाइप धरला, ती एकेक भांडं पुढे सरकवत होती, पिंप, टाकी, हंडे, घागरी, कळश्या, शेवटी चहाची पातेलीसुद्धा. जुनं उरलेलं पाणी तिने फेकलं नाही, ते सगळं अंगणातल्या कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घातलं. सगळ्या गल्लीत मोटारींचा आवाज, दिवे लागलेले, शेजारच्या काकू कन्नडमध्ये कुणालातरी हाका मारत होत्या. दोन तासांनी नळ बंद झाला तेव्हा आमचे दोघींचे पदर-ओढण्या ओल्याचिंब होत्या.

नऊ वाजले तसा होम स्टडीच्या ताईंना फोन करून सगळं सांगितलं, आम्ही नंबर लिहून घेतला होता इथपासून. मला वाटलं आमच्या फाइलवर ह्याचा परिणाम होईल, होईल तर होवो. त्यांनी नंबर विचारला, मी कागद काढून वाचून दाखवला, त्यांनी परत वाचून घेतला आणि म्हणाल्या मी बघते काय करता येतं ते. मग विचारलं तुम्ही ठीक आहात ना. मी म्हणलं, आहे. खोलीचं दार उघडते आज घरी गेल्यावर, असंही म्हणून गेले, त्यांना काय कळलं असेल देव जाणे.

नवऱ्याचा मेसेज आला, येताना शेंगाचटणी आण, आणि मंडळीत संडेस्कूलला माणूस कमी आहे, तुझं नाव सांगू का. सांग म्हणलं.

निघायच्या आधी दूधवाला आला. आत्याने वही काढली, सोमवार, अर्धा लिटर. खाली आमच्या नावापुढे टिंब दिलं. मग पेन तसंच धरून माझ्याकडे बघून म्हणाली, त्या पोरीचं नाव काय गं? मी म्हणलं माहीत नाही आत्या. तिने थोडा विचार केला, चष्मा वर सरकवला आणि आमच्या नावाच्या खालच्या ओळीत लिहिलं, 'मार्चमध्ये बाळंत होणारी', आणि त्यापुढे पहिलं टिंब.